सहावा रकाना

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथे पुन्हा जायचंय.

२०२४च्या २५ जुलैला पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तीच दारात पाणी बघून. आमची वस्ती नदीच्या बरीच खालच्या अंगाला, तरी गुडघाभर आलंच. रात्री महापालिकेच्या शाळेत हलवलेल्या माणसांपुढे आमच्या गणपती मंडळाची खिचडी, मशिदीतला पुलाव आणि गुरुद्वाऱ्यातला डाळभात एकाच वेळी येऊन थडकला. सकाळी मात्र लेकरांना चहासुद्धा कुणी दिला नाही. आंबलेल्या खिचडीची दोन पातेली मी स्वतः उपसली. तो वास अजून नाकात आहे.

पुढच्या वर्षी ३० मार्चला पाडवा आणि लगेच दुसऱ्या दिवशी ईद. मशिदीतल्या चाचांकडे शीरखुर्मा खाताखाता पंधरा मिनिटांत ठरलं: सकाळ गुरुद्वाऱ्याची, दुपार मशिदीची, रात्र मंडळाची. आता महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या पावसाळी मदतीच्या यादीत तिघांची नावं एकत्र घालायची आणि शाळेची किल्ली कुणाकडून घ्यायची ते लेखी मिळवायचं, एवढंच बाकी होतं. या ‘एवढंच’ला सात आठवडे लागले.

अर्जात सहावा रकाना होता, धर्मादाय नोंदणी क्रमांक. आमचा होता, गुरुद्वाऱ्याच्या ट्रस्टचाही होता. मशीद वक्फची, म्हणजे मुस्लिम धर्मकार्यासाठी दान दिलेल्या मालमत्तेतली. तिची नोंद वक्फ मंडळाकडे, धर्मादायकडे नसतेच. चाचांनी दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता आणला होता. टेबलामागच्या साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हे वक्फचं झालं. धर्मादायचं कुठंय?”

“साहेब, यांना ते लागत नाही.”

“मग लागत नाही असं धर्मादायचं पत्र आणा. रकाना रिकामा चालत नाही.”

ओळखीच्या वकिलाला विचारलं तर तो हसायलाच लागला. जिथे नोंदच नाही तिथलं पत्र कोण देणार? हेच मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, वरती विचारतो. पुढच्या खेपेला साहेब प्रशिक्षणाला. त्याच्या पुढच्या खेपेला फाइल दुसऱ्या टेबलावर, आणि त्या टेबलावरच्या मॅडम लग्नाच्या रजेवर. पूर्वी असं अडलं की नगरसेवकाच्या ऑफिसातून एक फोन जायचा. मार्च २०२२पासून महापालिकेत प्रशासक; फोन करायला नगरसेवकच नव्हता. नगरसेवकांना मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या मे महिन्यात त्यांची फार आठवण आली.

(पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते आत्ता आठवलं म्हणून लिहितो: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे मधे एक आठवडा “तुमचा अर्ज आलेलाच नाही” हेही ऐकून झालं.)

चौथ्या की पाचव्या खेपेला जिन्यात चाचा हळूच म्हणाले, “भाऊ, आमचं नाव काढून टाका. जेवण तर आम्ही पाठवणारच.” मला जो राग आला तो चाचांवर नव्हता, पण आवाज त्यांच्यावरच चढला. नंतर खाली टपरीवर चहा पाजून माफी मागितली.

२६ मेला मोसमी पाऊस पुण्यात येऊनसुद्धा ठेपला. आम्ही ओल्या चपला पचकपचक करत टेबलाशी उभे, आणि उत्तर काय, तर “यादी जूनमध्ये अंतिम होते.” मागून एक वयस्क अधीक्षक चालले होते. थांबले, अर्ज हातात घेतला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “अर्जदार मंडळ करा, जबाबदारी त्यांची. बाकी दोघांना सहयोगी संस्था म्हणून जोडपत्रात घ्या, वक्फचा दाखला त्यालाच लावा.” दोन मिनिटं! साहेबांनी सहाव्या रकान्यात आमचा क्रमांक घातला, पुढे ‘जोडपत्र पाहा’ लिहिलं आणि कोरड्या पडलेल्या पॅडवर शिक्का तीनदा आपटला.

म्हणून सांगतो, तुमच्यातली एखादी संस्था वक्फची असेल तर पहिल्यापासून जोडपत्रच करा. गणपतीत महाप्रसादासाठी मंडळाने अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी काढलेली असते, तिची प्रतही लावा. वर्षाला १०० रुपयांचं काम, पण कागद दिसला की स्वयंपाकाबद्दलचे प्रश्न तिथेच संपतात. संपर्काला एकच मोबाइल नंबर द्या, आणि तो अध्यक्षांचा नको. आमच्या अध्यक्षांचा फोन रात्री दहानंतर बंद असतो. पातेल्यावर कधी शिजवलं त्या वेळेची चिठ्ठी चिकटवा. ही सवय आम्ही गुरुद्वाऱ्यातल्या वीरजींकडून उचलली.

ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग वाढला आणि रात्री अकराला वस्तीतली चाळीसेक माणसं शाळेत आणावी लागली. पत्र दाखवताच किल्ली मिळाली, कुणी काही विचारलं नाही. पहाटे साडेपाचला वीरजी चहाचं पिंप घेऊन दारात. सगळं जमलं, फक्त नळाला पाणी नव्हतं. शाळेच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुलपात असतो आणि त्याची किल्ली वेगळी, ती शिपाईमामांच्या घरी, कात्रजला. अर्जात तीही मागून ठेवा.