अटलांटातलं नवं सदर्न रेस्टॉरंट आणि बार: जाणाऱ्यांसाठी वृत्तांत

अटलांटाच्या पूर्व भागात, बेल्टलाइन या जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेलगत, अमेरिकेच्या दक्षिणी पद्धतीचं जेवण देणारं आणखी एक रेस्टॉरंट सुरू झालं आहे. नव्या जागेचा मेनू पहिल्या काही महिन्यांत सारखा बदलतो, म्हणून नाव मुद्दाम देत नाही. इथे लिहिलेलं शहरातल्या अशा कुठल्याही नव्या ठिकाणी उपयोगी पडेल.

आधी वेळेचं. उघडल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे टाळा. ‘सॉफ्ट ओपनिंग’च्या, म्हणजे चाचणीच्या काळात मेनू अर्धाच असतो आणि स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते. त्यानंतरही शुक्रवार-शनिवार सोडून मंगळवारी किंवा बुधवारी जावं, साडेपाच-सहाला. त्या वेळी तळणीचं तेल ताजं असतं, ऑर्डरी एकदम येत नाहीत. जाण्यापूर्वी फोन करून बार चालू आहे का, तेही विचारा. जेवण सुरू झालं तरी दारूचा परवाना यायचा राहिलेला असतो, असं नव्या जागांत पुष्कळदा घडतं. रिझर्व्हेशन ओपनटेबल किंवा रेझी या अ‍ॅपवर होतं. टेबल साधारण पंधरा मिनिटं राखून ठेवतात आणि काही ठिकाणी न आल्यास कार्डावर दंड लावतात. रिझर्व्हेशन नसेल तर बारच्या खुर्च्या बघा. तिथे बहुतेक जागी पूर्ण मेनू मिळतो आणि जो आधी येईल त्याला जागा. दोघांसाठी ही उत्तम सोय आहे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना बारवर बसवायचं असेल तर त्यांचा मूळ पासपोर्ट बरोबर हवा. वयाची अट २१ वर्षांची आहे, पण केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.

बारमध्ये बर्बनपासून सुरुवात करा. निदान ५१ टक्के मका असलेल्या धान्यातून गाळलेली आणि आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरवलेली व्हिस्की, ही तिची कायद्यातली व्याख्या. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असेल तर ती किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची असते. हा कायदा १८९७चा आहे. आपल्याकडच्या ३० मिलीच्या पेगची सवय असेल तर इथला एक ‘पोर’, म्हणजे ग्लासात एका वेळी ओतलेलं माप, ४५ ते ६० मिलीचा असतो, हे लक्षात ठेवा. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलचे दोन ग्लास म्हणजे आपले तीन ते चार छोटे पेग. मिंट जुलेप हे बर्बन आणि पुदिन्याचं कॉकटेल उन्हाळ्यात छान लागतं, पण बर्फ बारीक कुटलेलाच हवा आणि पुदिना फक्त हलका दाबलेला. पानं चेचली की पेय कडवट होतं. दारू नको असेल तर स्वीट टी, म्हणजे बर्फ घातलेला गोड चहा आहे. गरम चहातच साखर विरघळवलेली असल्याने तो भलताच गोड असतो. ‘हाफ अँड हाफ’ म्हटलं की अर्धा बिनसाखरेचा मिसळून देतात.

आता जेवण. लोक चिकनवरून हॉटेल ठरवतात. आमच्या मते दक्षिणी स्वयंपाकघराची खरी परीक्षा साइड्सवर, म्हणजे मुख्य पदार्थाबरोबर घ्यायच्या भाज्या-कण्यांवर होते. चवळी, भेंडी, तांदूळ हे या जेवणाचे आधार पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांमुळे इथे रुजले आणि त्यांच्याच हातांनी हा स्वयंपाक घडला. मक्याचा वापर त्याआधी इथल्या मूळ रहिवाशांचा. जे हॉटेल या पदार्थांना तोंडीलावण्यासारखं वागवतं, तिथे चिकन कितीही कुरकुरीत असलं तरी पुन्हा जाऊ नये.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या मंद आचेवर शिजवलेल्या. जॉर्जियाने २००२ साली त्यांना राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. जात्यावर दळलेल्या कण्यांना एका वाटीला चार वाट्या पाणी आणि पाऊण ते एक तास लागतो. मेनूवर ‘स्टोन-ग्राउंड’ लिहिलेलं असावं आणि चमच्यात मऊ, दाटसर, तरी दाणा जाणवणारं मिश्रण यावं. नव्या जागी बिघडतं ते असं: दुपारी मोठं भांडं शिजवून गरम पाण्यात ठेवतात, रात्रीपर्यंत त्याचा गोळा होतो. असं ताटात आलं तर परत पाठवायला संकोचू नका. गरम दूध घालून फेटलं की ते दोन मिनिटांत सैल होतं. घरी करणाऱ्यांनी कण्या उकळत्या पाण्यात एकदम ओतू नयेत, ढवळत ढवळत धार सोडावी, नाहीतर गुठळ्या होतात.

कॉलर्ड ग्रीन्स ही कोबीच्या जातीतली पालेभाजी गडद आणि मऊ हवी. पानं हिरवीगार आणि चिवट असतील तर घाईत उकळली आहेत. खाली उरलेला रस्सा टाकू नका, त्यात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, बुडवून खातात. टेबलावरच्या बाटलीतलं मिरचीचं व्हिनेगर चार थेंब घाला, भाजीला उठाव येतो. बिस्किट म्हणजे इथे लोणी आणि ताक घातलेला छोटा, मऊ, गरम पाव. बाजूने पापुद्रे दिसले तर पीठ फार मळलेलं नाही. कडा बसक्या असतील तर साचा दाबताना फिरवला आहे. त्याने कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे फार सावध राहावं. सगळा धोका भाज्यांतच आहे. ग्रीन्स आणि चवळीत डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा किंवा बेकन असतं, कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी लावतात, बिस्किटात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते, ग्रिट्स चिकन स्टॉकमध्ये शिजवलेल्या असू शकतात. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ असं विचारलं की मांसाचे तुकडे दिसत नाहीत म्हणून भाबडेपणाने ‘येस’ येतं. त्याऐवजी ‘व्हॉट आर द ग्रीन्स कुक्ड इन?’ असं विचारा. सर्व्हरला आत जाऊन बघावंच लागतं. तळलेली भेंडी आणि हिरवे टोमॅटो बहुधा चिकनच्याच कढईत पडतात, तेव्हा ‘सेपरेट फ्रायर’ आहे का, हाही प्रश्न हवा. डुकराचं न खाणाऱ्या चिकनप्रेमींनी नॅशव्हिल पद्धतीच्या हॉट चिकनबद्दल विचारावं, कारण वरून लावायची तिखट पेस्ट मूळ पद्धतीत लार्डमध्येच कालवतात.

फ्राइड चिकन हाडासकट मागवा. चांगल्या ठिकाणी ते मीठ घातलेल्या ताकात रात्रभर मुरलेलं असतं आणि ३२५ ते ३५० फॅरनहाइटवर, म्हणजे १६३ ते १७७ सेल्सियसवर, १२ ते १६ मिनिटं तळतात. त्यामुळे ऑर्डरनंतर वीस-पंचवीस मिनिटं लागली तर ती चांगली खूण समजा. पाच मिनिटांत ताट आलं तर तुकडे गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली पडून होते. गर्दीत कढई भरून तुकडे सोडले की तेलाचं तापमान उतरतं आणि कवच फिकट, तेलकट होतं. हाडाजवळ थोडी गुलाबी छटा दिसली म्हणून लगेच घाबरू नका, कोवळ्या कोंबडीत मज्जेच्या रंगानेही ती येते. मांस चिकट, पारदर्शक लागलं तर मात्र परत पाठवा. आतलं तापमान ७४ सेल्सियस झालेलं असायला हवं.

चौघांना दोन चिकन, एक श्रिम्प अँड ग्रिट्स (कोळंबी घातलेल्या ग्रिट्स) आणि चार-पाच साइड्स भरपूर होतात. त्यात बेकन किंवा अँडुई हे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं का, तेही तेव्हाच विचारून घ्या. गोडात पीच कॉब्लर, म्हणजे पीच फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला पदार्थ, मे ते ऑगस्टमध्ये, ताज्या फळाचं असेल तरच. एरवी बनाना पुडिंग.

बिलाचा हिशेब आधी करून ठेवा. जेवण १२० डॉलर आणि कॉकटेल ४० डॉलर धरले तर अटलांटात ८.९ टक्के सेल्स टॅक्सचे १४.२४, कॉकटेलवरच्या ३ टक्के जादा कराचे १.२० आणि २० टक्के टिपचे ३२, मिळून २०७.४४ डॉलर होतात. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बिलातच जोडलेली असू शकते. सही करण्यापूर्वी ‘ग्रॅच्युइटी’ची ओळ वाचा, नाहीतर ती दोनदा जाते.

चवीची तुलना करायची असेल तर नव्या जागेआधी १९४५ पासून चालू असलेल्या मेरी मॅक्स टी रूममध्ये किंवा १९४७ पासूनच्या बिझी बी कॅफेत एकदा जेवून या. ग्रीन्स आणि कॉर्नब्रेड कसे असावेत, ते तिथे कळतं.

उरलेलं चिकन डब्यात घेताना झाकण पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा, म्हणजे वाफेने कवच मऊ पडत नाही. मायक्रोवेव्ह नको. दुसऱ्या दिवशी जाळीवर ठेवून ४०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं तापवा. बिस्किटं त्याच ओव्हनमध्ये शेवटची पाच मिनिटं सरकवली तरी पुरतात.