चवथीच्या आदल्या दिवशीचे बाळंतपण

पहिले सिझेरियन झालेल्या बाईला पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीची संधी द्यायची की नाही, हा प्रश्न बाहेरच्यांना डॉक्टरांच्या धाडसाचा वाटतो. गोव्यातल्या एका तालुक्याच्या इस्पितळात, प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून एकोणीस वर्षे काढल्यावर मला तो बहुतेक वेळा ड्युटी लिस्टचा प्रश्न वाटतो. भूलतज्ज्ञ आवारात आहेत का, शस्त्रक्रियागृह मोकळे आहे का, तिच्या गटाचे रक्त जुळवून ठेवले आहे का आणि प्रत्येक कळेला तिच्याजवळ बसू शकेल अशी एक परिचारिका हाताशी आहे का, या चार गोष्टी जमल्या तरच गर्भाशयावरच्या व्रणाचा विचार सुरू होतो. गेल्या भाद्रपदात, चवथीच्या आदल्या दिवशी, त्या चारही जमल्या होत्या. तरीही त्या दुपारी आम्ही केले ते बरोबर होते का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

ती सत्तरी तालुक्यातली, सत्तावीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मूल पायाळू म्हणून तिचे सिझेरियन एका खाजगी इस्पितळात झाले होते. कारण त्या एका बाळंतपणापुरतेच होते. या वेळी बाळाचे डोके खाली होते आणि कमरेच्या हाडांची काही अडचण नव्हती. अशा बायकांमध्ये साधारण चारांतल्या तिघींची प्रसूती नैसर्गिक होते. अडचण होती ती तिच्या जुन्या डिस्चार्ज कार्डाची. त्या कार्डावर आहार काय घ्यावा, टाके कधी दाखवावेत, पुन्हा कधी यावे हे सगळे छापलेले होते. गर्भाशयावरचा छेद कुठे आणि कसा घेतला याबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल, असे धरून चालता येत नाही. गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद असेल तर कळांमध्ये तो उसवण्याचा धोका दोनशेत एकीला, असे आम्ही सांगतो. वरच्या भागातला उभा छेद असेल तर धोका इतका वाढतो की तिथे कळांची वाट पाहायचीच नसते. ‘एकदा सिझेरियन, तर कायमचे सिझेरियन’ हे जे वाक्य अजून घराघरांत ऐकू येते, ते न्यूयॉर्कच्या क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी 1916 मध्ये लिहिले, आणि त्या काळी छेद उभाच घेत असत. छेद बदलून शंभर वर्षे होत आली, वाक्य तेवढे टिकून राहिले.

आमच्या डॉक्टरबाईंनी त्या इस्पितळाला चार वेळा फोन केला. पाचव्या दिवशी शस्त्रक्रियेच्या नोंदीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला: खालच्या भागात आडवा छेद, दोन थरांत टाके, छेद बाजूला फाटलेला नाही. पेशंटला हातात द्यायला हवी होती अशी ही जेमतेम दोन ओळींची माहिती, पण ती मागताना आपण काही उपकार मागतो आहोत असे वाटावे, अशी आपल्याकडची रीत आहे.

सासूबाईंची चिंता वेगळीच होती. घरात मूल जन्मले की सोयर लागते, आणि सोयरात घरच्यांना गणपतीची पूजा करता येत नाही. सिझेरियनच करायचे ठरले असते तर चवथ आटोपल्यावरची तारीख घेता आली असती. कळांना तारीख नसते. पहाटे पाच वाजता, गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडलेली सून घेऊन त्या आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची कांगले ही रानफळे तशीच होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सिस्टर, परवापर्यंत कळा थांबवायचं काही औषध नाही काय हो?” मी म्हटले, “मावशी, तसलं औषध असतं तर गोव्यातल्या सगळ्या सिस्टर चवथीला घरी असत्या.” त्या हसल्या नाहीत. त्यांच्या जागी मीही हसले नसते.

सकाळ चांगली गेली. डॉक्टरबाईंनी ऑक्सिटोसिनची ड्रिप लावायची नाही असे आधीच बजावले होते. व्रण असलेल्या गर्भाशयावर कळा औषधाने वाढवल्या की उसवण्याचा धोका दुपटीतिपटीने वाढतो, हे सगळ्यांना पाठ असते. तरीही दोन तास प्रगती थांबली की “थोडी लावून बघूया” म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. हिच्या कळा आपल्या आपणच वाढत गेल्या.

अशा बाईजवळ बसण्याचे काम सीटीजीचे, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा कागदाच्या पट्टीवर नोंदवणारे, यंत्र करते असा नव्या मुलींचा समज असतो. बाळाचे ठोके यंत्र दाखवते, आणि व्रण उसवू लागला तर बहुधा पहिली खूण त्या पट्टीवरच उमटते, हे खरे आहे. पण मी माझा तळहात तिच्या ओटीपोटावर, जुन्या व्रणाच्या किंचित वर, न दाबता ठेवते. कळ आली की हाताखाली गर्भाशय नारळासारखे घट्ट होते आणि कळ ओसरली की भिजवलेल्या कणकेसारखे सैल पडते. त्या सैल वेळात मी तिला काहीतरी विचारते. घरी कोण कोण आहे, मुलगी कोणाजवळ ठेवली. माझे लक्ष तिच्या उत्तराकडे नसते, ती पूर्ण वाक्य बोलते का याकडे असते. दोन कळांच्या मधल्या वेळातही जी दात आवळून धरते, तिची नाडी मी लगेच बघते. ही दुपारी एकपर्यंत पूर्ण वाक्ये बोलत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी ती पूर्ण उघडली. एक पंचवीसला मी कॅथेटरने तिचे मूत्राशय रिकामे केले. स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये लघवीचा रंग नीट कळत नाही, म्हणून मी ती सिरिंजमध्ये ओढून खिडकीशी धरते. ती गुलाबी होती. आमसूल एकदाच बुडवून काढलेल्या पाण्याचा रंग. त्याच सुमारास पट्टीवर बाळाचे ठोके कळेबरोबर 140 वरून 85 वर उतरू लागले आणि परत वर यायला वेळ घेऊ लागले. आईची नाडी 104 होती.

लघवी गुलाबी होण्याला दोन कारणे असू शकतात. बाळाचे डोके खाली उतरताना मूत्राशय हाडावर दाबले जाते आणि थोडे रक्त येते, हे पहिलटकरणीतही होते. दुसरे कारण म्हणजे व्रण उसवू लागला आहे आणि त्याला चिकटलेले मूत्राशयही ताणले गेले आहे. सिरिंजमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

मी विचारले, “मॅडम, थिएटर घेऊया?” डॉक्टरबाईंनी तपासणीचा हात न काढता सांगितले, “त्यांना तयार राहायला सांगा. पेशंट हलवू नका.” त्यांचे म्हणणे नंतर त्यांनी मला समजावून सांगितले आणि ते बिनतोड होते. व्रण उसवला की डोके वर सरकते, कळा मंदावतात. इथे डोके प्रत्येक कळेला खाली येत होते. टेबलावर नेऊन, भूल देऊन बाळ बाहेर काढायला आम्हाला कितीही धावपळ केली तरी वीस मिनिटे लागतात, व्हॅक्यूमने, म्हणजे बाळाच्या डोक्याला कप चिकटवून ओढून, ते पाच मिनिटांत होणार होते. शिवाय इतक्या खाली आलेले डोके पोटातून वर ओढून काढणे हेही काही सोपे काम नव्हे. एक एकेचाळीसला, व्हॅक्यूमच्या दुसऱ्या ओढीला मुलगा झाला. 2,950 ग्रॅम. लगेच रडला. भूलतज्ज्ञ दारातच हातमोजे काढून चहाला गेले. रक्तस्राव नेहमीएवढाच झाला, दोन तासांत नाडी 86 वर आली आणि पाचच्या सुमाराला लघवी स्वच्छ झाली.

सगळे चांगले झाले, आणि म्हणूनच काय झाले ते कधीच कळणार नाही. पूर्वी अशा प्रसूतीनंतर हात आत घालून व्रण चाचपत असत. आता रक्तस्राव नसेल तर तसे करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तो व्रण शाबूत होता की त्याला थोडी फट पडली होती, हे सांगायला कोणी उरत नाही. ती सिरिंज माझ्या हातात होती. निर्णय माझ्यावर असता तर मी पेशंटला थिएटरमध्ये नेले असते, आणि कदाचित वाटेतच घोटाळा केला असता.

त्यानंतर चारच दिवसांनी दुसरी एक बाई आली. तिची पहिली प्रसूती नैसर्गिक, दुसरी सिझेरियन. आधी एकदा नैसर्गिक प्रसूती झालेली असेल तर यशाची शक्यता दहात साडेआठ-नऊपर्यंत जाते, म्हणजे हिची बाजू पहिलीपेक्षा भक्कम होती. पण त्या रात्री भूलतज्ज्ञ चवथीच्या रजेवर होते. तिला 108 च्या रुग्णवाहिकेतून मोठ्या इस्पितळात पाठवले, तिथे तिचे सिझेरियन झाले. पाठवले ते बरोबरच केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या सिझेरियनचे प्रमाण 2015-16 मध्ये 31.4 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 39.5 टक्के झाले; सगळ्या देशाचे तेव्हा 21.5 होते. या आकड्यांवर भाषणे ऐकते तेव्हा बायका कळा सोसायला तयार नसतात, असे कोणीतरी हटकून म्हणते. मला रजेचे रजिस्टर आठवते.

पहिलीच्या घरी पूजा भटजींनी केली. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडायचे होते तेव्हा डिस्चार्ज कार्ड मीच लिहायला घेतले. मागच्या छेदाची माहिती लिहिली, कळा किती तास होत्या ते लिहिले, ड्रिप दिली नाही हे लिहिले, आणि ‘1.25 वाजता लघवी गुलाबी, 5 वाजता स्वच्छ’ हेही लिहिले. डॉक्टरबाईंनी सहीसाठी कार्ड घेतले आणि त्या ओळीवर पेन थांबवले. “हे वाचून पुढच्या खेपेला तिला कळांपर्यंत जाऊ देणारा डॉक्टर मिळेल असं वाटतं तुम्हाला?” त्यांनी विचारले. मला तसे वाटत नव्हते, आणि तसे मी सांगितलेही. त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचली, खोडली नाही, आणि खाली सही केली.