तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्यावरच्या स्फोटांनी जळगावचे ऊन वाढते का?

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की जळगाव-भुसावळकडे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हमखास विचारले जाते, "सर, सूर्यावर स्फोट होताहेत म्हणे, त्यानेच एवढे तापतेय का?" नाही. मोठ्यात मोठ्या सौरज्वालेतून, म्हणजे सूर्यावरच्या अशा स्फोटातून, सुटणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास चाळीसपट ऊर्जा सूर्य एरवी दर सेकंदाला बाहेर टाकत असतो. आपल्या उन्हाला मेअखेरीस थेट माथ्यावर येणारा सूर्य आणि तापीखोऱ्यातली कोरडी हवा पुरेशी आहे.

मला त्याहून नवल वाटते ते ज्वालेतली ही ऊर्जा सुटण्याआधी दिवसेंदिवस टिकून कशी राहते याचे. कोरोनातला, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातला, वायू इतका विरळ असतो की तिथे सत्ता चुंबकीय क्षेत्राची चालते. मात्र बलरेषांची (या क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषांची) मुळे खालच्या दाट, खळबळत्या थरात रुतलेली असल्यामुळे तो थर त्यांना सतत ओढत आणि पिळत राहतो, आणि त्या पिळातच जादा ऊर्जा साठते. चऱ्हाट वळताना पीळ अती झाला की ते स्वतःभोवतीच वेटोळे घेते, तसेच बलरेषांच्या दोराचे होते. साध्या प्रारूपांत ही मर्यादा सव्वा वेढ्याच्या आसपास येते. पण पीळ अती झाला म्हणजे दोर सुटलाच, असे नाही. त्याच्यावरून कमानीसारख्या गेलेल्या बलरेषा त्याला खाली दाबून धरतात, आणि या कमानींचे क्षेत्र उंचीबरोबर पुरेशा वेगाने क्षीण होत गेले तरच तो निसटून वर झेपावतो. त्याच्यामागे ताणल्या गेलेल्या विरुद्ध दिशांच्या रेषा तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत उष्णता, प्रकाश आणि वेगवान कणांच्या रूपाने मोकळी होते.

म्हणूनच सूर्यावरच्या डागाच्या (तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे काळसर दिसणाऱ्या भागाच्या) आकारावरून घाबरणे मला पटत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहातून सर्वांत तीव्र अशा एक्स वर्गाच्या सहा ज्वाला निघाल्या, तरी वरच्या कमानी भक्कम असल्याने त्यांच्यासोबत द्रव्याचा लोट बाहेर पडला नाही. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या समूहाने मात्र लोटामागून लोट फेकले आणि लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश दिसला. (त्या आठवड्यातले आपले ऊनही नेहमीचेच होते.) या कमानींचे बळ थेट मोजणे फार अवघड असते, ते बहुतेकदा पृष्ठभागावरील मोजमापांवरून गणिताने काढावे लागते, त्यामुळे ज्वालांचे भाकीत आजही शक्यतेच्या टक्क्यांतच दिले जाते.