बीपी नॉर्मल आहे, म्हणजे पेशंट ठीक आहे?

टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा तक्ता) सर्वांत कमी विश्वासाचा आकडा श्वासाचा. ओळीने सगळ्यांचे २०! पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, की एका श्वासाची चूक चारची होते. म्हणून पूर्ण मिनिट मोजा. नाडी मोजून झाली तरी मनगटावरचा हात काढू नका, नजर तेवढी छातीकडे न्या. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा वर गेला, तर बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९७ टक्के दिसत असला तरी डॉक्टरांना लगेच कळवा. तो ९७ पेशंट धापा टाकून टिकवत असू शकतो.

ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होत असेल तर बीपी उशिरा पडतं. समजा, आधी १२४/७६, नाडी ८४. तासाभराने ११८/९०, नाडी ११२. वरचा आकडा दोन्ही वेळा ‘नॉर्मल’, पण वरच्या-खालच्यातला फरक ४८ वरून २८ वर आलाय. आता हात गार आहेत का बघा, लघवी मोजा. ६० किलोच्या पेशंटला तासाला निदान ३० मिली हवी. ड्रेन (जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी) रिकामा म्हणून निर्धास्त राहू नका, रक्ताच्या गाठीने नळी तुंबते. मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारं बीपीचं औषध) चालू असेल तर नाडी फारशी वाढणारही नाही.

फोनवर ‘बीपी ठीक आहे’ एवढंच सांगू नका. दोन्ही वेळचे आकडे, वेळेसकट सांगा.