एक घर, तीन नंबर

अण्णा गेले एप्रिल 2021 मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी आईने कपाटातली निळी पिशवी माझ्यापुढे ठेवली. घराचा स्लॅब गळायला लागला होता, दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं तर आधी घरपट्टी तिच्या नावावर व्हायला हवी होती. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चालू वर्षाची पावती, एवढ्यावर नाव बदललंही. खरं काम पुढे निघालं. बँकेच्या वकिलांना मिळकतीचा मागच्या तीस वर्षांचा माग हवा होता, आणि पिशवीतून निघाले पावत्यांचे तीन गठ्ठे. तिन्हींवर अण्णांचं नाव, गाव दावडी, पण घर क्रमांक तिन्हींवर वेगळा. वकील म्हणाले, "ही तीन घरं नाहीत, एकच आहे, हे कागदावर दाखवा."

दावडी म्हणजे डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीला लागून असलेलं गाव. 1 ऑक्टोबर 1983 ला कल्याण महापालिका झाली तेव्हा आसपासची गावं तिच्यात गेली, त्यांत आम्हीही. अंबरनाथ आणि बदलापूरसुद्धा तेव्हा याच महापालिकेत होते, ते 1992 मध्ये बाहेर पडले. आमचं घर 1994 चं, म्हणून पहिला गठ्ठा महापालिकेचा. जुलै 2002 मध्ये 27 गावं वगळली गेली आणि ग्रामपंचायत परत आली. दुसऱ्या गठ्ठ्यात तिच्या पावत्या आणि नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, उतारा. 1 जून 2015 ला तीच 27 गावं पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतली. नवी आकारणी, नवा नंबर, तिसरा गठ्ठा.

चौथा होता होता राहिला. 24 जून 2020 ला 27 पैकी 18 गावं पुन्हा वगळून कल्याण उपनगर नगरपरिषद करायचं ठरलं. दावडी त्या 18 मध्ये होतं. स्वतंत्र नगरपालिका ही इथल्या संघर्ष समितीची जुनी मागणी, अण्णा तिच्या सभांना चालत जायचे. पण हाती आलं ते अर्धवटच, नऊ गावं महापालिकेतच राहिली. लॉकडाऊनमध्ये अण्णा रोज संध्याकाळी पेपर बाजूला ठेवून विचारायचे, "मग आता आपण कुठले?" डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. हद्द बदलण्याआधी महापालिकेशी जो सल्लामसलतीचा टप्पा कायद्याने सांगितला आहे, तो पाळला गेला नव्हता. अण्णांनी ती बातमी कापून पिशवीत ठेवली होती. घडी उलगडली तेव्हा मला थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी आधी तिन्ही नंबर जुळवायच्या मागे लागलो. दोन आठवडे त्यात गेले. वाट दाखवली आमच्या गावात पूर्वी काम केलेल्या ग्रामसेवकांनी. भाऊसाहेब आता निवृत्त आहेत. उतारा हातात घेऊन म्हणाले, "घर नंबर सोडा हो. तो ज्याचा कर, त्याचा नंबर. जमिनीचा नंबर कोणता आहे?" उताऱ्याच्या शेऱ्यात पेनाने सर्व्हे नंबर आणि हिस्सा लिहिलेला होता. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता.

ही गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवी, म्हणून जरा थांबून सांगतो. महापालिका आली काय, ग्रामपंचायत आली काय, बदलतो तो कर घेणारा आणि दिवाबत्ती-गटार बघणारा. महसुली गाव तसंच राहतं. सातबारा तलाठ्याकडेच असतो, आणि त्यावरचा सर्व्हे नंबर या हद्दीच्या फेऱ्यांनी बदलत नाही.

मग काम सरळ झालं. खरेदीखत काढलं, त्यात तोच सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला विहीर, उत्तर-दक्षिणेला शेजाऱ्यांची घरं. विहीर बुजली आहे, पण तिचा कठडा अजून दिसतो, त्याचा फोटो जोडला. ताजा सातबारा घेतला. प्रभाग कार्यालयातल्या ताईंनी 2015 च्या आकारणीचा उतारा दिला आणि ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर बघायचं असेल तर अर्ज कसा लिहायचा, तेही समजावलं. 2009 आणि 2010 च्या पावत्या आमच्याकडे नव्हत्या, त्या वर्षांची नोंद त्या दप्तरात सापडली. शेवटी आईचं प्रतिज्ञापत्र, की या तीन क्रमांकांची मिळकत एकच आहे.

सही करण्याआधी आईने ते वाचून दाखवायला सांगितलं. "राहणार दावडी, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे" इथे तिने मला थांबवलं आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पेन मागितलं.