मतं खायला उभा राहिलेला

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतमोजणीत मला टेबलावर पर्यवेक्षकाची ड्यूटी लागली होती. मी शिक्षक, त्यामुळे अशा ड्यूट्या ठरलेल्याच.

मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतं साठवणारा भाग, आलं की नंबर आणि सील जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना दाखवायचं, मग रिझल्टचं बटण दाबायचं. एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो, तो नमुना १७ क मध्ये लिहायचा. शून्य असलं तरी लिहायचं. प्रतिनिधींचं लक्ष मात्र दोनच आकड्यांवर. बाकीचे येईपर्यंत ते पाणी पिऊन घेतात.

आमच्याकडे एक अपक्ष होता, दुधाचा धंदा करणारा पोरगा. मोटरसायकलवर प्रचार, विषय एकच: त्याच्या पट्ट्यातल्या गावांचा रस्ता. ‘मतं खायला उभा केलाय’ असं दोन्ही बाजू म्हणत आणि बोट एकमेकांकडे दाखवत.

दुपारी त्या पट्ट्यातलं यंत्र माझ्या टेबलावर आलं. दोन्ही बड्यांचे आकडे बघूनच कुजबुज सुरू झाली. यादीत पक्षवाले आधी, अपक्ष शेवटी, म्हणून याचा आकडा यायला वेळ लागला. आला तो दोघांच्या बेरजेहून मोठा.

“गुरुजी, परत दाखवा.”

परत बटण दाबलं. आकडा तोच.

निकालावर ढिम्म फरक पडला नाही. डिपॉझिट वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. पोराचे दहा हजार बुडाले. तिसऱ्याला पडलेलं प्रत्येक मत विचार करूनच दिलेलं असतं, असंही मी म्हणणार नाही. त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी’ चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेला उमेदवार त्याहून कमी फरकाने पडला. त्यातली किती चिन्हाच्या गोंधळातली, कोण सांगणार? आणि २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. पण नोटातून राग कळतो, कशाचा ते कळत नाही. इथे कशाचा ते गावागणिक लिहून आलं होतं.

मोजणी संपल्यावर पडलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी त्या गावांचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवत बसला होता. मला म्हणाला, “गुरुजी, रस्ता करून टाकला असता तर स्वस्तात पडलं असतं.”