कायदा सुधारणेसाठी संस्था काढली आणि बँक खात्यापाशी अडलो: माझा अनुभव

ठाणे आणि नवी मुंबईत वकिली करणाऱ्या आम्ही काही जणांनी कायदा सुधारणा आणि मानवी हक्क या विषयांसाठी एक छोटी संस्था स्थापन केली. वकील संघ आहेतच; परंतु वकिलांच्या रोजच्या अडचणी सोडवण्यातच त्यांची शक्ती खर्च होते, आणि एखाद्या विधेयकावर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या कलमवार लिहून मुदतीत पाठवायला कोणाला उसंत नसते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी झाली, पॅन मिळाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. आम्ही अडलो ते बँकेत.

शाखेतील अधिकाऱ्यांनी आमची घटना वाचायला घेतली आणि ‘कायद्यांत दुरुस्त्या सुचवणे व त्यांचा पाठपुरावा करणे’ या उद्देशावर त्यांचे बोट थांबले. हे काम राजकीय आहे, त्यात ‘मानवी हक्क’ हे शब्दही आहेत, त्यामुळे अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवावा लागेल, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर दर वेळी ‘वरून उत्तर आलेले नाही’ एवढेच ऐकायला मिळे, आणि तेही तोंडी. वरचे उत्तर कोण देणार, कोणत्या नियमाखाली देणार, हे कोणी सांगत नव्हते.

या काळात आमचे एक काम खोळंबून राहिले, याची चीड अजून गेलेली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, सुटकेचा मार्ग खुला होतो. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली तर मात्र नाही. ही मुदत भरल्यावर न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. तळोजा आणि ठाणे कारागृहांबाहेर भेटीसाठी थांबलेल्या कित्येक नातेवाइकांना यातले काहीच ठाऊक नसते. त्यांच्यासाठी मराठी पुस्तिका तयार होती, वर्गणी जमा होती, पण संस्थेच्या नावाने छपाईचे पैसे द्यायला खाते नव्हते.

‘राजकीय’ या शब्दाला आमच्याकडे उत्तर होते आणि ते आम्ही लेखी दिले. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ६ मध्ये कायदा सुधारणेला चालना व पाठिंबा देणे हे राज्य बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या वैधानिक संस्थेचे, कार्य म्हणून नमूद आहे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलचा प्रमुख हेतू सार्वजनिक उपयुक्ततेचा, म्हणजे धर्मादाय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये आयकराच्या प्रकरणात ठरवले. त्याआधी, १९६५ मध्ये, आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या प्रकरणात, मुख्य हेतू धर्मादाय असेल तर कायद्यांना पाठिंबा देण्याच्या किंवा विरोध करण्याच्या आनुषंगिक उद्देशाने तो बाधित होत नाही, असाही निकाल याच न्यायालयाने दिला होता. हे दोन्ही निकाल कराविषयीचे आहेत, खात्याविषयीचे नाहीत, हे खरे. तरीही कायद्यात बदल सुचवणे म्हणजे राजकारण, ही समजूत त्यांपुढे टिकत नाही.

मग परदेशी पैशाची शंका निघाली. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते. आमच्या साध्या बचत खात्याचा तिच्याशी संबंधच येत नाही.

त्यावर ‘ती ओळ काढून टाका, काम लगेच होईल’ असा सल्ला मिळाला. उद्देश बदलण्यासाठी १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार विशेष सभा, तीन पंचमांश मते, महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि पुन्हा तितकीच मते लागतात. आणि ती ओळ काढली, तर संस्था कशासाठी उरली? ज्यांना असा सल्ला मिळेल त्यांनी तो मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

अखेरीस मार्ग निघाला तो लेखी तक्रारीने. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र देऊन आम्ही दोनच गोष्टी विचारल्या: नकाराचा निर्णय झाला आहे का, आणि झाला असल्यास कोणत्या नियमाने. ३० दिवसांत उत्तर न आल्यास बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी असलेल्या, रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली जाऊ, हेही लिहिले, आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ती पोच हाती आल्यावर शाखेचा सूरच बदलला आणि मुदत संपण्यापूर्वी खाते उघडले. त्या ओळीतला एकही शब्द न बदलता ते उघडले, याचा मला अभिमान वाटतो.

आता आठवले म्हणून सांगतो: स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी बँकेत जाण्यापूर्वीच करून घ्यावी. मार्च २०२३ पासून ना-नफा संस्थेची तेथे नोंद नसेल तर ती करण्याचे काम बँकेवर आहे आणि त्यातही वेळ जातो. खाते उघडण्याच्या ठरावातील नावे शेड्यूल-१ च्या, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातील विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदवहीच्या, नकलेतील विश्वस्तांच्या नावांशी तंतोतंत जुळली पाहिजेत.

पुस्तिका छापून झाली आहे. आमच्या पत्रातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बँकेने अद्याप दिलेले नाही, आणि खाते मिळाले म्हणून आम्ही तो प्रश्न मागे घेतलेला नाही. स्मरणपत्र पाठवले आहे.